हमीदभाऊंनी वही मिटली

हमीदभाऊंचा आवाज कसा होता, हे मला नीट सांगता येणार नाही. वीस हंगाम मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो, तरीही नाही. तो आवाज नटाच्या कानापर्यंत बरोबर जायचा आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पाटलाच्या कानाच्या अलीकडे थांबायचा. हे कसं जमवता, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "सुई टोचाची मास्तर, पण कापडाले समजू द्याचं नाई." हे बोलतानाही तोंडात लवंग होती. हंगामाचे चार महिने त्यांच्या तोंडातली लवंग हलत नसे.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकं सुरू होतात, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आज या गावात मंडईची जत्रा, उद्या त्या गावात शंकरपट, आणि जिथे बैल धावले तिथे नाटक झालंच पाहिजे. नट आज एका नाटकात राजा, उद्या दुसऱ्यात फौजदार, परवा तिसऱ्यात कोणाचा तरी बाप. पाठांतर करायला कोणाला सवड? म्हणून रंगमंचापुढे एक खड्डा खणतात. त्यात एका बाजूला ऑर्गन, एका बाजूला ढोलकी आणि मधोमध वही घेऊन प्रॉम्प्टर. वाक्य आधी खालून येतं, मग वरून ऐकू येतं. प्रेक्षकांनाही हे ठाऊक असतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि हंगामात ऑर्गनवाला. हमीदभाऊ नागभीडला स्टेशनकडच्या रस्त्यावर शिंपीकाम करायचे, आणि हंगामात प्रॉम्प्टर.

खड्ड्यातून त्यांना नट दिसत ते गुडघ्यापर्यंत. तोंड पाहायला मान मोडावी लागे, म्हणून ते पाहतच नसत. पायांवरून सगळं ओळखत. कोणता पाय वाक्य विसरला आहे, कोणता पाय घरी भांडून आला आहे, कोणत्या पायाने गावात कुठेतरी मोहाची घेतली आहे. मी हसायचो. पण एकदा आमच्या नायिकेला ताप आहे हे तिच्या नवऱ्याआधी त्यांनी सांगितलं, तेव्हापासून हसणं बंद केलं.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. हा माणूस 'नशीब' म्हणत नसे. आपल्याकडे हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. बस चुकली, नशीब. पोरगा नापास झाला, नशीब. हमीदभाऊंनी एकदा एका गृहस्थाच्या सफारीचं कापड उलटं कापलं. दुसरा शिंपी म्हणाला असता की कापडातच दोष होता. हे म्हणाले, "कापताना मी रेडिओ ऐकत होतो जी. चूक माझी." आणि नवं कापड आणून सफारी शिवून दिली. गृहस्थ इतका गोंधळला की त्यालाच वाईट वाटायला लागलं.

याच्या मागे काय होतं ते मला त्यांच्या सत्काराच्या दिवशी कळलं. आमच्या नाटक मंडळीचे मालक बाबूराव. तेच लेखक, तेच दिग्दर्शक, आणि अंगात आलं तर तेच खलनायक. त्यांनी हमीदभाऊंचा सत्कार ठेवला. माईक हातात आला की बाबूरावांना आवरणं कठीण. म्हणाले, "या माणसाची आई घरी शेवटच्या घटका मोजत होती. खड्ड्यात निरोप आला. पण नाटक संपेपर्यंत या माणसानं वही सोडली नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

हमीदभाऊ उठले. अंगावरची शाल काढली, शिंपी घालतो तशी नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "निरोप आला तवा दुसरा अंक चालू होता. घर तीन किलोमीटरवर. मी मनलं, पडदा पडला का जातो. पडदा पडला, मी गेलो. अम्मी गेली होती. ह्याच्यात टाळ्या वाजवाचं काय हाये, मले समजलं नाई."

त्यांच्याच मोहल्ल्यातले एक वयस्कर गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "अल्लाह की मर्जी थी, हमीदमियाँ."

"तिच्या मरणाचं अल्लाले ठाऊक, चाचा," हमीदभाऊ म्हणाले. "माझ्या बसून राहण्याचं मले ठाऊक हाये." आणि ते खाली उतरले. शाल तिथेच राहिली. नंतर ती बाबूरावांच्या घरी सोफ्यावर अंथरलेली दिसायची.

असा माणूस आणि असं नाटक एकत्र आलं, इथूनच सगळं सुरू झालं.

नाटकाचं नाव 'जोग्याची वाणी'. बाबूरावांनीच लिहिलेलं. रणधीर हा गावाचा लाडका, दिलदार नायक. तो जन्मला तेव्हा दारावर आलेला जोगी सांगून गेला की या मुलाचा हात भावाच्या रक्ताने माखेल. तो हात माखू नये म्हणून आईबापांनी जंग जंग पछाडलं. पण संशय येतो, जमीन येते, बायको येते, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी रणधीर सख्ख्या भावावर कुऱ्हाड उगारून म्हणतो, "माझा काय दोष? जोग्याच्या वाणीनं माझा हात केव्हाच बांधून टाकला होता!" इथे बाया पदर तोंडाला लावत. बापे टोपी काढून डोळे पुसत. मी ऑर्गनवर जे काही वाजवायचो त्यालाही वन्समोअर यायचा, म्हणून ते नाटक मला फार आवडे. हे कबूल केलेलं बरं.

हमीदभाऊंच्या वहीत समासात शिंपीकामाच्या खडूने निळ्या खुणा केलेल्या होत्या. सात होत्या. हे काय, म्हणून विचारलं.

"इथी थो थांबू शकत होता," ते म्हणाले. "हे पहा, पहिली. भावजय ताट वाढते, आन हा उठून जाते. कोणी उठवलं? ही दुसरी. भाऊ मागून 'दादा' मनते, हा ऐकून न ऐकल्यासारखं करते. आन ही सातवी पहा."

सातवी खूण कुऱ्हाडीच्या प्रसंगाआधी होती. कंसात सूचना: रणधीर परसात जाऊन कुऱ्हाडीला धार लावतो.

"ज्याचा हात बांधला हाये मास्तर, थो धार लावाले काऊन जाते?"

मी ही खूण बाबूरावांना दाखवली. माझी चूक. तालीम बाबूरावांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये चालायची. भर दुपार, टिन तापलेलं, आणि त्या दिवशी या दोघांचं जे जुंपलं ते चहा दोनदा थंड झाला तरी थांबेना.

"तुमी कपडे शिवा हमीदभाऊ, नाटक मले लिहू द्या," बाबूराव म्हणाले. "आपल्या मर्जीनं मारते असं दाखवलं तर पब्लिक त्याले शिव्या देईन. चपला येतीन स्टेजवर. त्याचा विलाज नव्हता मनलं, का रडतात."

"रडतात मनूनच मले भेव वाटते. रडून घरी जातात आन थेच वाक्य बोलतात."

"मंग जोग्याची वाणी खोटी का? सांगा ना. खरी झाली का नाई झाली?"

यावर हमीदभाऊंनी वही पिशवीत घातली. बाबूराव जिंकल्यासारखे विडी पेटवून बसले. तीन दिवसांनी आम्ही बसने चाललो होतो, बाबूराव पुढच्या सीटवर पेंगत होते, तेव्हा हमीदभाऊंनी त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं. "बाबूराव, जोग्यानं 'होईन' मनलं. 'कर' नाई मनलं." बाबूराव झोपेतून उठून माझ्याकडे पाहत राहिले. तीन दिवस हा माणूस तेच चघळत होता.

पण वहीतला एक शब्द त्यांनी बदलला नाही. नटाच्या तोंडात आपलं घालायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. ज्या वाक्याची त्यांना चीड होती ते वाक्य त्यांनी प्रत्येक प्रयोगात ठरल्या जागी, ठरल्या सुरात पुरवलं. मला वाटतं, त्यांना ते वाक्य तोंडातल्या खड्यासारखं होत असणार. तरी कधी चुकलं नाही.

रणधीर करायचा धनराज. सावली तालुक्यातला, घरचं धान, उंच, रुंद, आवाज असा की माईक दूर करावा लागे. मनाने चांगला होता. हे मी आज मुद्दाम लिहितो. ढोलकीवाल्याचा पाय मोडला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन नाला पार करणारा हाच. पण त्याच्या मनात धाकटा भाऊ सुखदेव सलत होता. वाटण्या झाल्या तेव्हा मधला धुरा, म्हणजे बांध, सुखदेवने हातभर इकडे सरकवला, असं धनराजचं म्हणणं. तिथून बोलणं बंद. सुखदेव सावलीच्या राईस मिलमध्ये कामाला जायचा आणि संध्याकाळी परतताना मुद्दाम त्याच धुऱ्यावरून चालत यायचा. मुद्दाम, असं धनराज म्हणे. खरं कारण साधं होतं. सडक जंगलाला लागून जाते आणि त्या हिवाळ्यात तिकडे वाघ फिरत होता.

त्या वाघामुळेच धनराजच्या गावाजवळचा तो प्रयोग दुपारी लागला. शेजारच्या गावात त्याने लागोपाठ गुरं मारली होती. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, अशी दवंडी झाली होती. नाटक रद्द करायला गाव तयार नाही, रात्री यायला पब्लिक तयार नाही. शेवटी समितीने ठरवलं, बारा ते सहा. झाडीपट्टीत दुपारी नाटक म्हणजे लग्न तेराव्याच्या दिवशी लावण्यासारखं. उन्हात रंगवलेली तोंडं पाहून पोरं फिदीफिदी हसत होती. मैदानाच्या कडेला वनखात्याची माणसं काठ्या घेऊन उभी.

मेकअप शाळेच्या खोलीत चालला होता. धनराज डोळे मिटून खुर्चीवर, तोंडाला रंग लागलेला. हमीदभाऊ त्याच्या जरीच्या कोटाचं बटण अंगावरच टाकत होते. मी कोपऱ्यात ऑर्गनच्या भात्याची पट्टी आवळत होतो. धनराज सहज बोलावं तसं बोलला.

"डुकरं लय झाले भाऊ. धुऱ्यावरची तूर खाऊन राह्यले. सकाळी तार लावून आलो. या हप्त्यात पंपाची लाइन सांजच्या सहाले येते."

"उघडी तार?"

"डुकराले चिपकवाचं मनलं तर उघडीच लागते ना."

आमच्या भागात ही तार नवी नाही. पंपाच्या लाइनीवर आकडा टाकतात आणि कुंपणात करंट सोडतात. गुन्हा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी पहाटे शेतावर गेलेला माणूस मरतो. मग सगळे म्हणतात, तिकडून कशाला गेला होता.

हमीदभाऊंची सुई थांबली. "त्या धुऱ्यानं सुखदेव येते ना गा?"

"कोणी सांगतलं त्याले, माझ्या धुऱ्यानं ये मनून?"

"धनराज."

"पुजाऱ्यानं दिवाळीतच सांगतलं त्याले, माझ्यासमोर. यंदा तुले घात हाये." धनराजने डोळे उघडले नाहीत. "आता घात असन तर असन. माझी तार काय आन वाघ काय. नसन तर त्याले काई होत नाई. मी कोण करणारा?"

हमीदभाऊंनी दोरा दाताने तोडला. "पंपाच्या पेटीची चाबी कुठी हाये?"

"खिशात."

"चाल माझ्यासंग. आत्ता. मास्तरच्या गाडीनं जाऊ, काढून येऊ. पंधरा मिनिटाचा रस्ता."

"पब्लिक बसली हाये भाऊ. नाटक झालं का पाहू."

"नाटक सहाले संपते."

"मंग सहाले पाहू." हे तो हसून म्हणाला. ते हसू मला अजून दिसतं.

मी हे सगळं ऐकलं आणि पट्टी आवळत राहिलो. लोक बोलतात, असं मनाशी म्हटलं. गावात कोण कोणाच्या मरणावर टपलेलं नसतं? दोन माणसं माझ्यासमोर एका जिवाबद्दल बोलत होती आणि मला काळजी कशाची, तर भात्यातून हवा सुटू नये याची. याची लाज मला त्या दिवशी वाटली नाही, नंतर वाटली.

खड्ड्यात बसल्यावर हमीदभाऊ म्हणाले, "सुखदेवले फोन लावा." मी पहिल्या अंकात लावला, दुसऱ्या अंकात लावला, मध्यंतरात चार वेळा लावला. लागेना. मिलमध्ये त्याचा फोन कायम डब्याच्या पिशवीत बंद पडलेला असे, हे पुढे कळलं.

मध्यंतरात हमीदभाऊंनी पुन्हा धनराजला गाठलं. त्याने ऐकलं नाही. परत येऊन त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. "गाडीची चाबी द्या."

"जाता का? आत्ताच जा," मी म्हणालो.

"मी गेलो तर आजची तार निघन. उद्या थो दुसरी लावन, आन मले सांगणार पन नाई. त्यानंच काढली पाह्यजे." चावी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. "तिसऱ्या अंकाचा शेवट सव्वापाचले येते, चौथा त्याच्या मंग. तवापर्यंत त्याले मोका हाये. साडेपाचले थो त्याच्या पायानं नाई गेला तर मी उठतो. काठीनं तार पाडीन, पोलिसाले बोलावीन, काय वाट्टेल थे करीन."

तिसरा अंक सुरू झाला. हमीदभाऊंनी मनगटावरचं घड्याळ काढून वहीच्या शेजारी मांडलं. आवाज नेहमीसारखाच, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. आणि धनराज त्या दिवशी असा रंगला होता की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. भावजयीच्या ताटावरून उठला तेव्हा फिदीफिदी हसणारी पोरंही पुढे सरकून बसली. भावाने मागून 'दादा' म्हटलं, तो पुढे चालत राहिला, आणि एक म्हातारी प्रेक्षकांतून ओरडली, "वळून पाह्य ना रे!" खडूच्या खुणा एकेक करून मागे पडत होत्या. पाच झाल्या. सहा झाल्या. तो आत जाऊन धार लावून आला. पाच वाजून दहा मिनिटं.

भावाचं काम करणारा नट पाठीवर पडला, गळा उघडा. धनराजने कुऱ्हाड उगारली. लाकडाचीच होती, वर चंदेरी कागद. "माझा काय दोष?" तो गरजला, आणि खालून पुढचं वाक्य यावं म्हणून थांबला.

हमीदभाऊंनी वही मिटली. चष्मा काढला आणि वहीवर ठेवला.

मला वाटलं पान चुकलं. ती पोकळी भरायला मी सुरांवर बोटं टेकवली, तर त्यांनी आपला तळवा माझ्या हातावर दाबला. वर धनराजने पुन्हा म्हटलं, "माझा काय दोष?" मैदान वाट पाहत होतं. कोणीतरी शिट्टी मारली. धनराज वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "भाऊ, शब्द."

ते वाक्य त्याला पाठ होतं. मी शपथेवर सांगतो. शंभरदा म्हटलेलं वाक्य, झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. खालून न येता म्हणायला त्याला कोणी अडवलं नव्हतं.

तेव्हा हमीदभाऊ मान वर करून बोलले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या रांगेच्या पाटलालाही ऐकू गेलं. "माझ्याजवळ काई लिहून नाई बापा. तुले बोलाचं थे तू बोल."

मैदानात हशा पिकला. बाबूराव विंगेतून हातवारे करत होते. धनराज हलला नाही. खाली पडलेल्या नटाच्या गळ्याकडे पाहत होता. तो नट बिचारा पडल्या पडल्या कुजबुजत होता, "मार ना गा, मार ना." मी घड्याळाकडे पाहिलं. हमीदभाऊ घड्याळाकडे पाहत नव्हते. ते धनराजच्या पायांकडे पाहत होते. उजवा पाय जागच्या जागी टाच उचलत होता, ठेवत होता.

मग कुऱ्हाड फळीवर पडली. धनराज रंगमंचावरून उडी मारून खाली आला, आमच्या डोक्यावरून गेला म्हटलं तरी चालेल, आणि जरीच्या कोटात, रंगलेल्या तोंडाने, प्रेक्षकांतून वाट काढत पळाला. लोकांना आधी वाटलं नाटकातच आहे. मागे मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा खुर्च्या उडायला लागल्या.

"घरी गेला असन का शेतात?" मी विचारलं. हमीदभाऊंनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या क्षणी तो माणूस इतका घाबरलेला होता की खड्ड्यातून वर यायला मला त्यांना हात द्यावा लागला. बाबूरावांच्या शिव्या झेलत आम्ही माझ्या गाडीवर बसलो.

धुऱ्यावर पोहोचलो तेव्हा सहाला थोडाच वेळ उरला होता. पेटी उघडी होती. आकडा खाली पडलेला. धनराज तूर तुडवत धुऱ्यावरून चालला होता आणि कोपराभोवती तार गुंडाळत होता, हात कुंपणाच्या काट्यांनी रक्ताळलेले, कोट फाटलेला. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही. शेवटचा खुंट उपटून तो तिथेच बसला. थोड्या वेळाने शेजारच्या शेतातला पंप घुं करून सुरू झाला. लाइन आली होती. हमीदभाऊ तोंड दोन्ही हातांत धरून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग सडक सोडून धुऱ्याने सुखदेव आला. खांद्याला डब्याची पिशवी, अंगभर मिलचा कोंडा. रंगवलेल्या तोंडाचा भाऊ धुऱ्यावर बसलेला पाहून जरा थबकला. बोलणं तर बंद होतं. तो बाजूने जायला लागला.

"अंधाराच्या आत येत जाय," धनराज म्हणाला. "वाघ हाये."

सुखदेवने मागे वळून पाहिलं. "हो," म्हणाला, आणि गेला.

यातलं एक अक्षर कोणाला सांगायचं नाही, असं हमीदभाऊंनी आम्हाला तिथेच बजावलं. "त्यानं लावली, त्यानं काढली. गोष्ट संपली." धनराजसाठी संपली. हमीदभाऊंसाठी नाही. भर प्रयोगात शब्द न देणारा प्रॉम्प्टर कोण ठेवतो? बाबूरावांनी काढलं, आणि इतर मंडळींनी घेतलं नाही. म्हातारा खड्ड्यात झोपतो, असं झालं. धनराजने एकदाही तोंड उघडलं नाही. त्याच्या बाजूने बोलायचं तर तार सांगावी लागली असती. मीही बोललो नाही आणि पुढच्या हंगामात नव्या प्रॉम्प्टरशेजारी बसून ऑर्गन वाजवला. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

हमीदभाऊ गेल्या पावसाळ्यात गेले. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माघात, एका दुपारी, त्यांच्या दुकानात. मी टेकलो होतो, तेवढ्यात सुखदेव आला. पुतणीचं, म्हणजे धनराजच्या पोरीचं लग्न निघालं होतं, त्याला सदरा शिवायचा होता. सुटलेलं पोट, वाढलेले केस, बोलण्यात मोकळा. मला पाहून त्याला जुनं आठवलं.

"का जी हमीदभाऊ, त्या दिवशी शब्द काऊन दिला नाई आमच्या भावाले? आमच्या तालुक्याची इज्जत घालवली ना तुमी! लोक अजून हसतात."

माझं तोंड उघडलं होतं. हमीदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं.

"डुलकी लागली होती बापा," ते म्हणाले. "वय झालं."

"वय झालं तर घरी बसाव ना!" सुखदेव मोठ्याने हसला.

"बसलोच हावो. मान वर कर."

सुखदेवने मान वर केली. हमीदभाऊंनी टेप त्याच्या गळ्याभोवती घेतला आणि आत दोन बोटं घातली, कॉलर आवळू नये म्हणून घालतात तशी. ती बोटं तिथे जरा जास्तच वेळ राहिली. सुखदेव अजून हसत होता, आणि हसताना गळ्याची शीर त्यांच्या बोटांखाली उडताना मला दिसत होती.

"लिहा मास्तर," हमीदभाऊ म्हणाले. "साडेपंधरा."